मधली घंटा

त्या घरातल्या कुणीही एकही सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता, आणि घर चालायचं ते सिनेमावरच.

थिएटर जुनं, एका पडद्याचं. पडद्यापुढे लाकडी रंगमंच होता, त्यामुळे सुट्ट्यांच्या दिवसांत सकाळी तिथं नाटक व्हायचं आणि दुपारपासून सिनेमाचे खेळ. आजोबा वर मशीनच्या खोलीत असायचे. त्यांची धाकटी बहीण कँटीन सांभाळायची. आजी तिला वन्सं म्हणायची, म्हणून सगळं गावच तिला वन्सं म्हणायला लागलं होतं, अगदी तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. आणि आजी तिकिटांच्या खिडकीत. दारावरचा माणूस काम सोडून गेला त्याला जमाना झाला. नवीन माणूस बघू, बघू म्हणता म्हणता दारंही आजीच्याच गळ्यात पडली ती कायमची.

कामाच्या या वाटणीमुळे सिनेमाचीही आपोआप वाटणी झाली होती. चित्र नीट दिसतंय, आवाज जुळतोय एवढं बघेपर्यंत आजोबा वरच्या झरोक्याशी उभे असायचे, त्यामुळे सुरुवात त्यांची. गाणी वन्संची, कारण भिंतीपलीकडे कँटीनमध्ये तेवढीच ऐकू यायची. उशिरा येणाऱ्यांना तिकिटं देऊन, खिडकी लावून आजी आत दाराशी येऊन उभी राहायची तेव्हा मध्यंतर जवळ आलेलं असायचं. कुणाच्या घराला आग लागायची किंवा कुणीतरी जिन्यावरून गडगडत खाली यायचं, तेवढं आजीचं. शेवटालाही ती आतच असायची, पण दाराकडे तोंड करून, कडीवर हात ठेवून. टाळ्या पडल्या, खुर्च्या खाडखाड मिटल्या, की कडी काढायची. सगळे शेवट तिनं पाठीनंच पाहिले होते.

मध्यंतरानंतरचं मात्र घरात कुणालाच ठाऊक नसायचं. त्या वेळात आजी पुढच्या खेळाची खिडकी उघडायची, वन्सं कप विसळायच्या आणि आजोबा स्टुलावर टेकले की त्यांचा डोळा लागायचा. त्यांची लेक लहानपणी असंच समजायची, की जगातल्या सगळ्या सिनेमांत माणसं मध्यंतरापर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात आणि मग एकदम ओळीत उभं राहून हसतात.

ती लेक आता दुसऱ्या शहरात राहत होती. तिची मुलगी मात्र सुट्टी लागली की आजोळी यायची. अंगानं एवढीशी, रंगानं काळीसावळी आणि बोलायला झणझणीत, म्हणून तिला सगळे मिरी म्हणत. यंदा मिरीनं मुलांच्या नाटकात नाव घातलं होतं. शाळेतल्या एक बाई दर सुट्टीत मुलांना गोळा करून नाटक बसवायच्या आणि सुट्टी संपता संपता ते याच थिएटरात करायच्या. प्रयोगासाठी लेकही आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाटक, आणि त्याच संध्याकाळी मायलेकींनी परत निघायचं, असं ठरलं होतं.

सुट्ट्या लोकांच्या असतात तेव्हा थिएटरवाल्यांच्या नसतात. घराघरांत पाहुणे उतरलेले, दारांवर दिव्यांच्या माळा, नवे कपडे घातलेली माणसं घोळक्यानं रस्त्यातून फिरतायत, आणि आजी खिडकीच्या भोकातून त्यांचे नुसते हात बघतेय. लागोपाठचे खेळ. संध्याकाळपर्यंत तिचे पाय असे सुजायचे की चपलेचा पट्टा मागच्या भोकात लावावा लागायचा. वन्संचा खांदा धरलेला होता. आजोबांना जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागायचं, आणि कुणी पाहिलं तर ते भिंतीवरचं पोस्टर वाचत असल्यासारखे उभे राहायचे.

घरची मेजवानी व्हायची ती दोन खेळांच्या मधल्या फटीत, कँटीनमध्येच. नाटकाच्या सामानातला जुन्या मखमली पडद्याचा तुकडा वन्सं टेबलावर अंथरायच्या, म्हणजे आज काहीतरी विशेष आहे एवढं कळायचं. मग चौघंपाच जण टेबलाभोवती बसायची, एक डोळा घड्याळावर ठेवून.

नाटकाच्या आदल्या दुपारी असेच सगळे जेवायला बसले होते. मिरीनं पाव कुस्करता कुस्करता चालू सिनेमाची चौकशी केली. त्या टोपीवाल्याला त्याचं घर परत मिळतं का?

आजोबा म्हणाले, सुरुवातीला तर घर त्याचंच असतं. वन्संनी आठवून सांगितलं, की शेवटचं गाणं चांगलं मोठ्या हॉलमध्ये गायल्यासारखं घुमतं, त्या अर्थी मिळालं असावं. आजी म्हणाली, मी आत गेले तेव्हा तो गच्चीच्या कठड्याला लोंबकळत होता.

"मग?" मिरीनं विचारलं.

"मग मी दारं उघडली."

वन्संना ठसका लागला. आजोबाही हसले. मिरी मात्र हसली नाही. तिनं हातातला पाव ताटात ठेवला आणि सगळ्यांकडे पाहून घेतलं.

"उद्याचं नाटक आजी सांगणार," ती म्हणाली. "दुपारी जेवताना. एकटीनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये कुणी बोलायचं नाही."

आजी लगेच हो म्हणाली. हो म्हणायला तिला काही जड गेलं नाही. नाटक लहानसं होतं, तासाभराचं, त्याला मध्यंतरही नव्हतं. पण ताटं उचलताना लेक आजीच्या शेजारी आली आणि हलक्या आवाजात बोलली.

"आई, तिला शब्द देऊ नकोस. ती धरून बसते."

"बघणार आहे मी. खरंच बघणार आहे."

"मीही धरूनच बसायचे," लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात ही पोर याच रंगमंचावर नाचली होती, आणि आजी दरवेळी दाराशी होती, कडीवर हात ठेवून. आजी ताटं पुसत राहिली. कोरडं झालेलं ताट तिनं पुन्हा पुसलं. तेव्हा लेक म्हणाली, की उद्या खिडकीत मी बसते, तू आत जा.

सकाळी मिरीनं एक अडचण काढली. नाटकात तिचं काम एकच होतं, पण मोक्याचं. एक गाव असतं, कामं करून करून दमलेलं. एक दिवस सगळं गाव जे झोपतं ते उठतच नाही. मग एक मुलगी येते, घंटा वाजवते, गाव जागं करते, आणि पुढचं नाटक सुरू होतं. ती मुलगी म्हणजे मिरी. पण बाईंनी तिला दिलेली घंटा पत्र्याची होती. ती वाजवली की कपात चमचा फिरवल्यासारखा आवाज यायचा, आणि तालमीत निम्मं गाव झोपलेलंच राहायचं.

आजोबांनी तिला आपली घंटा काढून दिली. ही घंटा पितळेची, दांड्याची, चांगली वजनदार. थिएटरातली विजेची घंटा उंदरांनी वायर खाल्ल्यापासून मुकी झाली होती. तेव्हापासून मध्यंतर झालं की आजोबा मशीनच्या खोलीबाहेर जिन्यावर येऊन ही घंटा हलवायचे. ती ऐकली की आजी हॉलचे दिवे लावायची आणि दोन्ही दारं उघडायची. दिवे लागलेले दिसले की आजोबा आत जाऊन बाजाची टेप सुरू करायचे. बाजा ऐकू आला की वन्सं चहा ओतायला घ्यायच्या. कुणी कुणाला हाक मारायची नाही, काही सांगायचं नाही. इतक्या वर्षांत ती सगळी माळ आपली आपणच ओवली जायची. आज नाटकाला मध्यंतर नाही, म्हणजे घंटेचंही काही काम नाही, असा आजोबांनी सरळ हिशेब केला आणि घंटा नातीच्या हातात ठेवली. मिरीनं ती दोन्ही हातांनी धरून छातीशी घेतली.

"जपून हं," ते म्हणाले. "तिचा आवाज लांब जातो."

प्रयोगाला गर्दी चांगली होती. आई-बाप, काका-मामा, कडेवरची मुलं. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर मिरीनं स्वतःचा स्वेटर टाकून जागा धरली होती. आजी तिथं येऊन बसली तेव्हा तिला आधी अवघडल्यासारखंच झालं. या खुर्च्या तिनं झाडल्या होत्या, पुसल्या होत्या, त्यांचे खिळे ठोकून घेतले होते, पण त्यांत बसायची वेळ कधी आली नव्हती. खुर्ची मऊ निघाली. पाठीला टेकू होता. समोर अंधार झाला, पडदा सरकला, आणि आजीनं पायांतल्या चपला हळूच काढून ठेवल्या.

सुरुवात तिनं नीट पाहिली. पाववाला झालेला मुलगा परातीत कणीक तिंबत होता, पोस्टमन सायकल नसतानाही घंटी वाजवत फिरत होता, एक दांडगी मुलगी विहिरीतून पाणी शेंदत होती. सगळ्यांनी मिळून दमल्याचं गाणं म्हटलं. आजीच्या मनात आलं, बाईंनी हे लिहिलं तरी कुणाला बघून. मग पाववाल्यानं मोठी जांभई दिली आणि तो परातीशेजारी आडवा झाला. पोस्टमन पत्रांच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपला. एकेक करत सगळी मुलं रंगमंचावर लवंडली आणि ठरल्याप्रमाणे घोरायला लागली. आजोबांनी वरून दिवे मंद निळे केले. हॉलमध्ये शांतता पसरली. एवढ्या दिवसांत आजीच्या कानांना अशी शांतता मिळाली नव्हती.

ती झोपली.

विंगेतून मिरी आली, रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी ती घंटा हलवली. आवाज लांब गेला.

आजीचे डोळे उघडायच्या आधी पाय उभे राहिले. अनवाणीच ती रांगेतून बाहेर पडली, मधल्या वाटेनं ताडताड वर गेली, खटाखट हॉलचे दिवे लावले, डाव्या दाराची कडी काढली, उजव्या दाराची काढली, आणि दोन्ही दारं भिंतीच्या आकड्यांत अडकवली. वर आजोबा झरोक्याशीच होते. घंटा वाजली तेव्हा त्यांना काही वाटलं नाही, ती कुणाच्या हातात आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण हॉलचे दिवे लागलेले दिसले आणि त्यांच्या हातानं रंगमंच विझवून टेप लावली. बाजा सुरू झाला. कँटीनमध्ये वन्संनी किटली उचलली.

लोक आधी जरा बुचकळ्यात पडले. मग एका किरकिऱ्या बाळाला घेऊन त्याचा बाप उठला, त्याच्यामागे त्याची ओळ उठली, आणि एकदा चारजण उठले की बाकीच्यांना कुणी सांगावं लागत नाही. रंगमंचावर मिरी घंटा वर धरून, वाक्यासाठी तोंड उघडून उभी होती. तिच्या पायाशी झोपलेल्या गावानं एकेक डोळा उघडला. पाववाला उठून बसला आणि आपल्यालाही चहा मिळणार का, असं त्यानं सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं.

नाटकवाल्या बाई पदर खोचत दारापर्यंत पळत आल्या. आजी दाराशी उभी राहून लोकांना वाट देत होती.

"काकू, अहो मध्यंतर नव्हतं."

"दहा मिनिटं, दहा मिनिटं, सावकाश या," आजी म्हणाली. नेहमीचंच वाक्य. ते तोंडातून गेल्यावर तिनं बाईंकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या पायांकडे. चपला नव्हत्या. मग तिनं लांब रंगमंचाकडे पाहिलं. तिथं मिरी नव्हती.

बाहेरच्या दालनात लेक उभी होती. तिथली जाळीची दारं सरकवून तिनं अंगणाकडे जायची वाट मोकळी करून दिली होती. मध्यंतर झालं की हे काम तिचं, लहान असल्यापासूनचं. बाजा ऐकला आणि तीही उठली होती. आजीला येताना पाहून ती काहीतरी बोलणार होती, पण जाळीवरचा आपलाच हात दिसल्यावर तिनं तो हळूच काढून घेतला.

"मागे आहे ती," लेक एवढंच म्हणाली. "पडद्याच्या मागे."

पडद्याच्या मागे चिंचोळी जागा होती. मोठाले स्पीकर, गुंडाळलेल्या वायरी, जुन्या सिनेमांचे कापडी फलक. मिरी एका खोक्यावर बसली होती. घंटेच्या आतला लोळा तिनं मुठीत घट्ट धरला होता, चुकूनही वाजू नये म्हणून. रडत नव्हती. आजीला वाटलं, रडत असती तर बरं झालं असतं.

आजी समोरच्या खोक्यावर बसली. बसताना गुडघे वाजले.

"तू झोपली होतीस," मिरी म्हणाली.

"हो."

"कुठपर्यंत पाहिलंस?"

"पाववाला घोरायला लागला तिथपर्यंत."

"ती सुरुवात आहे नुसती." मिरीनं मान वळवली. "आई म्हणालीच होती."

आजी म्हणाली, की तुम्ही परत घंटेपासून सुरू करा, या वेळी मी बाहेरच थांबते. अंगणात जाऊन उभी राहते, म्हणजे घंटा कानावर पडणारच नाही आणि कुणाचं काही बिघडणार नाही. तिला हे खरोखरच सोयीचं वाटत होतं. बाहेर उभं राहायची तिला सवय होती, त्यात ती कधी चुकली नव्हती.

मिरीनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं बाई वर्गातल्या सोप्या बेरजेला अडलेल्या मुलाकडे पाहतात.

"मग दुपारी सांगणार कोण? मी तर नाटकातच आहे, मला दिसत नाही."

आजीच्या मनात आलं, की हे मला येणारच नाही म्हणून सांगावं. इतकी वर्षं घंटा ऐकली की उठायचं एवढंच केलंय, आता या वयात पाय ऐकायचे नाहीत. आणि झोपही येतेय, फार झोप येतेय. तेवढ्यात मिरी खोक्यावरून खाली उतरली, आजीच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिनं लोळ्यावरची मूठ सोडली.

"आपण तालीम करू," ती म्हणाली. "मी वाजवणार. तू उठायचं नाही."

"अगं, लोक ऐकतील."

"हळू वाजवते."

तिनं घंटा हळू हलवली. तेवढ्यानंही आजीचे दोन्ही हात गुडघ्यांवर आले आणि ती अर्धी उठली. मिरी हसली नाही, रागावलीही नाही. परत बस म्हणाली. दुसऱ्या वेळी आजीनं खोक्याची कड पकडून ठेवली, पण टाचा वर झाल्या. बाईंनी तिला वाक्य शिकवताना जे सांगितलं असेल तेच मिरी सांगत होती, त्याच सुरात: चुकलं तर चुकलं, घाई नाही, आधी श्वास घ्यायचा आणि मग ऐकायचं. तिसऱ्या वेळी आजीनं श्वास घेतला. घंटा वाजली. आतून सगळं अंग उठायला निघालं, दिव्यांच्या बटणांपर्यंत जाऊनही आलं, पण ती बसून राहिली.

"आलं," मिरी म्हणाली. "आता झोपू नकोस फक्त."

बाहेर कँटीनमध्ये लोक खूश होते. चहा आयताच समोर आला होता. वन्संना तोवर घोटाळा कळला होता आणि एवढा चहा ओतून बसल्याबद्दल त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. जिन्याच्या मधल्या वळणावर आजोबा पोस्टर वाचत उभे होते, या वेळी खरोखरच तोंड लपवायला. आजीनं खालूनच त्यांना खूण केली, चला वर.

लोक परत जागेवर बसले, काही जण हातात कप घेऊन. बाजा थांबला. आजीनं दारं ओढून घेतली, कड्या लावल्या, दिवे मालवले, आणि अंधारात चाचपडत तिसऱ्या रांगेपाशी आली. चपला होत्या तिथंच होत्या.

बाईंनी थोडं मागून सुरू करायला लावलं. पाववाल्यानं पुन्हा जांभई दिली, गाव पुन्हा आडवं झालं. आता त्यांनाही रंग चढला होता, त्यामुळे घोरणं मघापेक्षा बरंच लांबलं. निळा उजेड पडला. आजीनं खुर्चीचे दोन्ही हात पकडले. पापण्या मिटायला लागल्या तशी तिनं बोटांनी त्या वर धरल्या. शेजारच्या रांगेतलं एक पोर हे बघून तसंच करायला लागलं.

मिरी आली. मधोमध उभी राहिली. घंटा वर धरली आणि वाजवायच्या आधी तिसऱ्या रांगेच्या कडेला पाहून घेतलं.

घंटा वाजली. आजीचे गुडघे हलले. टाचा जमिनीवर राहिल्या.

वाक्य होतं, उठा, सकाळ झाली, सगळ्यांनी उठा. महिनाभर तिनं तेच घोकलं होतं. पण मिरीनं मोठ्यानं, स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं म्हटलं:

"आजी सोडून सगळ्यांनी उठा. सकाळ झाली."

हॉल हसला. विंगेत बाईंनी कपाळाला हात लावला. झोपलेलं गाव उठलं, आणि नाटक पुढे निघालं.

पुढे खूप काही होतं. आजीला त्याचीच नवलाई वाटत होती. गाव जागं झालं, पण इतकं झोपल्यामुळे आपलं काम कोणतं हे सगळे विसरले होते. पाववाला पत्रं वाटायला निघाला आणि त्यानं ती सगळी चुकीच्या घरी पोचवली. पोस्टमननं पाव केले, ते विटांसारखे झाले. त्यांचं भांडण झालं, एकाची मिशी पडली, ती दुसऱ्यानं उचलून स्वतःला लावली आणि काही सुचेना म्हणून तसाच बोलत राहिला. विहिरीवरच्या मुलीला कुणी हाकच मारली नाही, म्हणून ती एकटीच बसून राहिली, मग मिरी जाऊन तिच्याजवळ बसली. ते दोघींचं बोलणं छान होतं. नाटक काही फार ग्रेट नव्हतं. मुलं वाक्यं विसरत होती, एकमेकांच्या अंगावर जात होती. पण माणसं भांडणापासून हसण्यापर्यंत कशी पोचतात हे आजी पहिल्यांदाच सलग बघत होती. ती मधली वाट एवढी मोठी असते, तिच्यात एवढं चुकत-माकत जावं लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरात सांगणार तरी कोण होतं?

अंग ठणकत होतं. दुपारचा खेळ डोक्यावर होता. खिडकी उघडायची, दालन झाडून घ्यायचं, संध्याकाळी मायलेकींच्या बॅगा. हे सगळं तिच्या मनात येत होतं आणि जात होतं, ती त्याच्यामागे गेली नाही.

शेवटी सगळ्यांना आपापलं काम आठवलं. विहिरीवरच्या मुलीनं सगळ्यांना पाणी दिलं. गाणं झालं आणि टाळ्या सुरू झाल्या.

टाळ्या आजीनं आयुष्यभर पाठीवर घेतल्या होत्या. समोरून त्या फार मोठ्या वाटल्या. टाळ्या म्हणजे कडी, हे तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं, आणि हात खुर्चीवरून सुटलाही. पण रंगमंचावर मुलं ओळीत उभी राहून वाकत होती, मिरी भलत्याच बाजूला वाकून बाजूच्यावर आपटली होती, आणि डोकं वर काढून पुन्हा तिसऱ्या रांगेतच बघत होती. आजीनं दुसरा हात त्या हाताशी नेला आणि टाळी वाजवली. मग आणखी वाजवल्या.

खुर्च्या खाडखाड मिटल्या. लोक मुलांना सावरत मधल्या वाटेनं वर गेले आणि दाराशी जाऊन अडले. त्या कड्या जुन्या होत्या, आधी उचलून मग डावीकडे ओढल्याशिवाय निघत नसत, आणि ती खुबी आजीशिवाय कुणाला माहीत नव्हती. कुणीतरी कडीशी झटापट केली. कुणीतरी ढकलून पाहिलं. मग पुढच्या रांगांकडे बघत एकानं हाक मारली, काकू, तेवढं दार.

आजीनं बसल्या जागी पाय लांब केले.

"आले," ती म्हणाली, आणि उठली नाही.